नोंदवही

फाटकाशी टेबल, टेबलावर वही,
वहीला दोरीने बांधलेलं पेन.
दोरी म्हशीच्या जुन्या दाव्यातली,
मीच उसवून आणली,
कारण पेनं पळतात.

रकाने आठ, कन्नडात छापलेले.
ती अक्षरं मला बसच्या पाट्यांनी शिकवली,
आधी खानापूर आलं, मग बेळगाव,
मग हळूहळू बाकीची भाषा.
हेसरु म्हणजे नाव. ऊरु म्हणजे गाव.
उद्देश मात्र दोन्हीकडे उद्देशच,
त्या रकान्यापाशी आलं की
पायाला ओळखीचा दगड लागल्यासारखं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येतात,
हुबळीच्या, पुण्याच्या, गोव्याच्या.
उद्देश: ट्रेकिंग. उद्देश: पक्षी.
एकाने लिहिलं, शांतता.
रात्री साडेअकराला त्याचाच स्पीकर
मला काढून घ्यावा लागला.
सगळे विचारतात, नेटवर्क कुठं?
मी वरचा काळा दगड दाखवतो.
तिथे उभं राहून आई हाळी द्यायची,
आणि पलीकडच्या रानातली म्हसरं
माना वर करायची.
दोन काड्या मिळतात अजून.

मंगळवारी कॅम्प रिकामा.
लकू आली, फाट्यावरून चालत,
चपला हातात, कारण त्या नव्या होत्या.
"आलो बघ, नवलू."
पिशवी तपासणं माझं काम. तपासली.
नारळ, वाती, गूळ,
आणि पाण्याच्या बाटलीत तेल.
म्हटलं, प्लास्टिक आत चालत नाही.
बहीण बघतच राहिली माझ्याकडे.
मग मी जेवणाचा डबा पुसला
आणि तेल त्यात ओतलं, भाजीच्या वासासकट.

नाव लिहिलं: लकूबाई लांबोर.
गाव?
"लिही की, हितलीच."
इथली लिहिलं तर साहेब विचारतील,
मग वहीत कशाला?
वसाहतीतला प्लॉट अठरा
हे तिला गाव वाटत नाही, मलाही नाही.
खानापूर लिहिलं.
पहिलं आलेलं अक्षर वेळेला उपयोगी पडतं.
उद्देशाचा रकाना मी कोरा सोडला,
वरच्या माणसाचं 'फोटोग्राफी' जरा लांब होतं,
त्याची वेलांटी खाली उतरली होती,
तेवढ्याने भागलं.

चार नंबरच्या तंबूमागे, पाण्याच्या टाकीजवळ,
तीन दगड.
उघडी ज्योत लावायला मनाई आहे, पाटी मीच रंगवलेली.
ती बसली तेव्हा मी पाठ फिरवून
किंजळीवरच्या माडगरुडाकडे बघत राहिलो.
नर होता. बराच वेळ बसला, बरं झालं.

मग तिला तंबू आतून बघायचा होता.
पलंग दाबून पाहिला, उशी हुंगली.
"एका रातीचं किती?"
"दोन हजार."
इतकी हसली की पदर तोंडात कोंबला.
"अरे, तीस वर्षं आपण फुकट ऱ्हायलो की!"
आणि थोड्या वेळाने, चेन लावता लावता,
"आपल्याला जायाला पैसे दिले,
हेंच्याकडनं यायाला घेत्यात."
चेन अडकली होती. मी सोडवून दिली.

संध्याकाळी होसमनी साहेबांनी वही उलटली.
"ही बाई बाहेर कधी गेली?"
फाटकातून ती गेलीच नव्हती.
ओढ्याच्या अंगाने गेली,
जिथून आम्ही घागरी आणायचो,
गुडघाभर गवतात पायांनीच शोधत.
मी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: पाच दहा.
साहेबांनी सही केली.

अंधार पडायच्या आत गवे उतरले पाण्यावर.
मोजले, अकरा.
एक वासरू मागच्या पायाने लंगडत होतं,
कळप त्याच्यासाठी थांबत थांबत चालला होता.
ते वेगळ्या वहीत लिहायचं असतं.
तिला गावाचा रकाना नाही.